सूचना : रविवारचा चव आणि वासाचा प्रयोग

बालविज्ञान गटाच्या सर्व पालकांना नमस्कार. रविवारी सकाळी ११ वाजता मुलांनी सोललेल्या सफरचंदाच्या आणि कच्च्या बटाट्याच्या सारख्या, बारीक फोडी वेगवेगळ्या डब्यांत आणाव्यात. सोबत वेलचीपूड घातलेली चमचाभर साखर आणि डोळ्यांवर बांधायला रुमाल.

नाक चिमटीत धरलं की जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (टोमॅटो, मशरूममध्ये असते तशी रुचकर चव) एवढंच कळतं. बाकीचा स्वाद म्हणजे घशामागून नाकात चढणारा वास. म्हणूनच वेलची-साखर आधी नुसती गोड लागते आणि नाक सोडताच वेलची उमटते! कृपा करून हे मुलांना आधी सांगू नका, त्यांचं त्यांना सापडू द्या.

सर्दी झालेल्यांनी प्रयोग घरीच करून निरीक्षणं पाठवावीत, ती फार मोलाची ठरतील. कशाची अ‍ॅलर्जी असल्यास शनिवारपर्यंत कळवा.