दादाचा करार आणि वाकडचा फ्लॅट

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, फुटबॉल क्लबचा दोन वर्षांचा करार मिळत असताना दादाने एकाच वर्षावर सही का केली, असं तुम्ही फोनवर विचारलंत. मिळत होता तो दोन वर्षांचा नव्हताच. तो होता 'एक अधिक एक', म्हणजे एक वर्ष पक्कं, आणि पुढचं वर्ष द्यायचं की नाही हे ठरवणार फक्त क्लब. म्हणजे दादा चांगला खेळला तर जुन्याच पगारात अडकला, आणि गुडघा गेला तर मे महिन्यात नमस्कार! असल्या दुसऱ्या वर्षाला काडीची किंमत नाही. त्यापेक्षा हे बरं. करार ३१ मेला संपतो. फिफाच्या नियमाप्रमाणे शेवटच्या सहा महिन्यांत, म्हणजे डिसेंबरपासून, दुसरा क्लब याच्या क्लबला लेखी कळवून उघडपणे बोलणी करू शकतो. शिवाय करार संपलेल्या खेळाडूसाठी नव्या क्लबला जुन्या क्लबकडे ट्रान्सफर फी मोजावी लागत नाही, त्या वाचलेल्या पैशातलं थोडंफार सहीच्या वेळी आपल्याकडे ओढता येतं.

काका म्हणतात, हा कुठे टिकत नाही. त्यांना पुण्याचंच सांगा. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीग या देशपातळीच्या लीगमध्ये दुसरी आली होती, आज ती नाही. भारत एफसी एकच हंगाम खेळली. डीएसके शिवाजियन्स २०१६-१७ नंतर लीगमधून गेली आणि २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीही बंद झाली. खडकीत वाढलेल्या पोराने घरचा क्लब धरून राहायचं म्हटलं तरी राहणार कुठे?

त्यात दादाची जागा मधली. परदेशी खेळाडूंवरचा पैसा क्लब आधी स्ट्रायकरवर आणि मग गोलच्या संधी तयार करणाऱ्या मिडफिल्डरवर लावतात. भारतीय मिडफिल्डरकडे बहुतेक वेळा उरतं ते त्यांच्या मागे झाडलोट करायचं काम. आई, तुला तो टीव्हीवर दिसत नाही ना? पुढच्या वेळी चेंडूकडे बघू नकोस, फक्त त्याच्याकडे बघ. पास येण्याआधी तो दोन्ही खांद्यांवरून मागे बघून घेतो. मग अंग अर्धं वळवून लांबच्या पायावर चेंडू घेतो, म्हणजे पहिल्याच स्पर्शाला तोंड समोरच्या गोलकडे होतं. गोलकीपरने लांब किक मारली की हेडरसाठी दोघं उड्या मारतात, आणि हा चेंडू खाली पडणार तिथे आधीच जाऊन उभा. असं करत सामन्यात दहा-अकरा किलोमीटर पळणं होतं आणि नावावर गोल वर्षाला एखादा. नवा कोच आला, त्याने रचना बदलली, की असाच खेळाडू आधी बाकावर जातो, कारण दाखवायला आकडे नसतात. मग जानेवारीची विंडो, म्हणजे क्लब बदलायची मुदत. तिथेही जपून, कारण एका हंगामात नोंदणी तीन क्लबांकडे चालते पण अधिकृत सामने दोघांकडूनच खेळता येतात.

आता फ्लॅटचं. बाबा, वाकडचं बुकिंग तूर्त नकोच. हप्ता बारा महिने जाणार, पैसे येणार करारात लिहिलेल्या महिन्यांचेच, आणि जून-जुलै बहुधा कोरडे. बरेच क्लब पगाराऐवजी व्यावसायिक शुल्क म्हणून पैसे देतात. त्यात १० टक्के टीडीएस कापला जातो, पीएफ नसतो. कर त्याहून जास्त निघाला की उरलेला ॲडव्हान्स टॅक्स म्हणून आपणच भरायचा. हातात आलेली सगळी रक्कम आपली, असं धरलं की मार्चमध्ये तोंडचं पाणी पळतं. आधी वर्षभराचा खर्च एफडीत जाऊ दे, घराचं मग बघू. २०२५ मध्ये फुटबॉल फेडरेशनचा व्यावसायिक हक्कांचा करार संपत आला म्हणून आयएसएल या देशातल्या मोठ्या लीगचा अख्खा हंगाम लांबला. करार चोख असलेली मुलंही तेव्हा तारखेची वाट बघत बसली होती.

पगार थकला तर काय, हे आईने विचारलं होतं. दोन महिन्यांचा थकला की क्लबला लेखी नोटीस द्यायची, थकबाकी चुकवायला १५ दिवस द्यायचे. तरीही नाही दिला तर करार मोडता येतो. व्हॉट्सॲपवर "सर, पगार?" एवढं टाकणं म्हणजे नोटीस नव्हे. आणि त्या पंधरा दिवसांत सराव चुकवायचा नाही. चिडून घरी आला की गैरहजेरी हेच क्लबच्या हातात कोलीत.

दुखापतीचं कलम मी पुन्हा वाचलं. ऑपरेशनचा खर्च क्लबचा आहे, पण करार संपल्यानंतरच्या फिजिओबद्दल एक ओळ नाही. गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध फाटला तर परत मैदानावर यायला सहा ते नऊ महिने सहज जातात, कधी जास्तही. म्हणजे फेब्रुवारीतली दुखापत मेनंतर आपल्या खिशातून. तुमच्या मेडिक्लेममध्ये व्यावसायिक खेळातली दुखापत वगळलेली आहे का, ते एजंटला विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

बाबा, कपाटातली त्याची संतोष ट्रॉफीची, म्हणजे राज्यांच्या संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेची प्रमाणपत्रं स्कॅन करून पाठवा, मूळ प्रती लॅमिनेट करू नका. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण आधी प्रमाणपत्राची पडताळणी आणि वयाची अट. कोचिंगचं 'डी' लायसन्स त्याने खेळता खेळताच करावं. पुढच्या 'सी' लायसन्सला जायचं तर त्याचा उपयोग होईल.

आई, जूनमध्ये तो आला की पहिले दहा-बारा दिवस पुरणपोळी, श्रीखंड, काय हवं ते कर. त्यानंतर ट्रेनरने दिलेला तक्ता फ्रिजवर लाव आणि सकाळी साडेपाचला त्याला उठव.

तुमची,
छोटी