वेल्डिंगवाल्या दादांचे जाहीर आभार

दादा, सप्रेम नमस्कार.

मैदानातली जुनी खेळणी भंगारात काढायचं ठरलं होतं, टेम्पोही सांगून झाला होता. तुम्ही खाली वाकलात, पाइपवर हातोडी वाजवून पाहिलीत आणि म्हणालात, "आतून खाल्लेला नाही. राहू दे." आधी त्याबद्दल आभार.

खरं सांगायचं तर मला धास्ती दुरुस्तीचीच जास्त होती. सुरक्षित करायच्या नावाखाली घसरगुंडी बुटकी करतात, चकरी इतकी आवळतात की ढकलून दमायला होतं. तुम्ही झोक्याची साखळी होती तेवढीच लांब ठेवलीत. झोक्याची लय बसणाऱ्याच्या वजनावर नाही, साखळीच्या लांबीवर ठरते. लांब साखळीचा झोका सावकाश जातो, टोकाला पोचल्यावर थबकल्यासारखा वाटतो आणि पोटात गोळा येतो तो तिथेच. साखळी कापली असती तर नुसते हिसके उरले असते.

पोरांना लागायचं तेवढंच तुम्ही काढून टाकलंत. रिकामी लाकडी फळी परत येऊन कुणा ना कुणाच्या कपाळात बसायची, तिथे रबरी बैठक आली. कपडे अडकू नयेत म्हणून साखळीच्या आकड्यांची उघडी तोंडं ठोकून बंद केलीत. वरच्या कठड्याच्या फटीत मूठ घालून म्हणालात, "मूठ जाते म्हणजे बारकं पोर जाईल, डोकं अडकेल," आणि मध्ये एक पाइप जोडलात. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाची मैदानातल्या खेळण्यांवर एक पुस्तिका आहे, 1981 पासूनची. साधारण 9 ते 23 सेंटिमीटरची फट धोक्याची, असं त्यात दिलंय. तुमची मूठ बरोबर निघाली.

घसरगुंडीचं काम तर मी तिथेच उभं राहून पाहिलं. पत्र्याच्या कडेवरून तुम्ही जुनी बनियन सावकाश फिरवत होतात. धागा अडकला की खडूची खूण, मग कानस, मग पुन्हा बनियन. खालपासून वरपर्यंत, दोन्ही बाजूंनी. जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून कोरडा घासू दिला नाहीत. पाणी मारून खरवडलात आणि बघायला जमलेल्या पोरांना लांब हाकललंत. शिडीच्या पायऱ्या मधोमध झिजून चकचकीत झाल्यात, तेवढी जागा मात्र बिनरंगाची ठेवलीत. का ते विचारलं नाही, पण फार बरं वाटलं.

जंगल जिमबद्दल, म्हणजे त्या चढायच्या पाइपांच्या चौकटीबद्दल, एक गंमत सांगायची राहिली होती. त्याचं पेटंट 1923 मध्ये सेबॅस्टियन हिंटन या अमेरिकन वकिलाला मिळालं. त्याचे वडील गणिती. मुलांना चौथी मिती उमजावी म्हणून त्यांनी घरी बांबूची चौकट उभारली होती. चौथी मिती राहिली बाजूला, आम्हाला त्यात उलटं लटकता आलं आणि तेवढं आम्हाला पुरलं.

चकरीचं बेअरिंग बदलून ग्रीस भरल्यापासून ती पुन्हा पहिल्यासारखी फिरते. कडेला बसलेली पोरं मधल्या खांबाकडे सरकली की ती आपोआप वेग घेते. ही युक्ती मोठ्यांनी शिकवलेली नाही, या पोरांनी पहिल्याच संध्याकाळी शोधून काढली. एकजण उतरून चार पावलं वेडावाकडा चालला, धपकन बसला आणि हसत सुटला. बाकावरची मोठी माणसं "हळू रे!" म्हणून ओरडत होती. मीही त्यातच होतो.

आता सीसॉ तेवढा राहिलाय. आपटल्यावर कण्याला हिसका बसतो तो टोकाखाली अर्धा टायर पुरला की थांबेल, असं तुम्हीच म्हणाला होतात. टायर मी आणून ठेवलाय. तुम्हाला सवड होईल तेव्हा या, खड्डा आम्ही खणून ठेवतो.

आपला,
मैदानातला एक जुना खेळगडी