वाफ गळते म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह आवळू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

धानाचा हंगाम तोंडावर आला आहे. भरडाईचे काम सुरू झाले की गोंदिया-भंडाऱ्याकडच्या उसना तांदळाच्या मिल रात्रंदिवस चालतात आणि पावसाळाभर थंड पडलेले भुशावरचे बॉयलर पुन्हा पेटतात. अशा वेळी हमखास होणाऱ्या एका गोष्टीबद्दल मिलमालक आणि बॉयलर अटेंडंट, दोघांशीही आपल्या पत्रातून बोलायचे आहे. दाब मर्यादेबाहेर गेला की आपोआप उघडून वाफ सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ फुसफुसायला लागते, भुसा वाया जातो म्हणून ओरड होते आणि कुणीतरी पाना घेऊन व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबणारा वरचा स्क्रू दोन आटे आवळतो. वाफ थांबते. सगळ्यांना वाटते, काम झाले.

काय झाले ते आकड्यांत पाहू. लहान मिलमध्ये सर्रास दिसणारा बॉयलर १०.५४ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाचा असतो, व्हॉल्व्हही त्याच दाबाला लावलेला धरू. व्हॉल्व्हच्या सीटचे, म्हणजे झाकणासारखी डिस्क जिच्यावर बसते त्या कडेचे, भोक ४० मिलिमीटरचे धरले तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे १२.५ चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे स्प्रिंग डिस्कला साधारण १३२ किलो जोराने दाबून धरते. मिल ७ किलोवर चालते तेव्हा वाफ खालून ८८ किलोने ढकलते आणि डिस्क ४४ किलोच्या जोराने घट्ट बसलेली असते. तोच दाब १० किलोवर नेला तर हा फरक जेमतेम ६-७ किलो उरतो. एवढ्याशा जोरावर चांगली सीटसुद्धा फुसफुसते. व्हॉल्व्ह ज्या दाबाला लावलेला आहे त्याच्या १० टक्के खाली, म्हणजे ९.५ किलोच्या आत मिल चालवायची, हा नियम यासाठीच. अर्ध्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

स्क्रू आवळल्याने व्हॉल्व्ह उशिरा उघडतो एवढेच लोकांना माहीत असते. त्याहून वाईट म्हणजे तो पुरता उघडतच नाही. फुल लिफ्ट व्हॉल्व्हची डिस्क भोकाच्या व्यासाच्या पाव पट उचलली जायला हवी, ४० मिलिमीटरला १० मिलिमीटर. आवळून आवळून स्प्रिंगचे वेढे एकमेकांना भिडत आले तर डिस्क तीन-चार मिलिमीटरवरच अडते. व्हॉल्व्ह उडाल्याचा आवाज येतो, वाफ दिसते, आणि तरीही काटा चढतच राहतो.

आपल्या भागात हा धोका लाइन जाण्याने वाढतो. लाइन गेली की मिलच्या मोटरी बंद पडतात, वाफेचा खप थांबतो, फीड पंपही थांबतो. पण शेगडीतला भुसा थांबत नाही. तेलाचा बर्नर बटण दाबून विझतो, भुशाचा जाळ तसा विझत नाही, तापलेल्या विटा आणि निखारा पुढेही वाफ करत राहतात. तेवढा वेळ बॉयलर आणि माणसे यांच्यामध्ये फक्त सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. तेव्हा भुसा टाकणे ताबडतोब बंद करावे, जाळीखालची हवा बंद करावी, निखाऱ्यावर ओली राख पसरावी आणि व्हॉल्व्ह उडत असेल तर उडू द्यावा. व्हॉल्व्ह वाफ सोडतो तसे आतले पाणीही कमी होते, म्हणून विजेवर न चालणारा फीड पंप किंवा वाफेच्याच जोरावर पाणी आत ढकलणारा इंजेक्टर चालू स्थितीत हवा. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत, म्हणजे गेज ग्लासमध्ये, पाणी दिसेनासे झाले असेल तर मात्र थंड पाणी मुळीच घालू नये.

आत किती ताकद साठलेली असते याचा अंदाज बऱ्याच जणांना नाही. १० किलो दाबाला बॉयलरमधले पाणी सुमारे १८३ अंशांवर असते. पत्रा फाटून दाब एकदम गेला तर दर १००० किलो पाण्यातले सुमारे १६० किलो तिथल्या तिथे वाफ होते, आणि १ किलो वाफेला मोकळ्या हवेत दीड घनमीटरहून जास्त जागा लागते. शेड उडते ती या वाफेने.

आता व्हॉल्व्ह का गळतो, याकडे वळू. सर्वात आधी प्रेशर गेज तपासा. गेज कमी दाखवत असेल तर व्हॉल्व्ह बरोबर उघडत असूनही लवकर उघडल्यासारखा वाटतो आणि निर्दोष व्हॉल्व्हला शिक्षा होते. गेजच्या कॉकवर तपासणीचा दुसरा गेज लावायची सोय असते, तिचा उपयोग करावा. गेज बरोबर असेल तर बहुतेक वेळा सीटवर कचरा किंवा क्षार अडकलेला असतो. बोअरचे पाणी जड असते, अकोला-बुलडाण्याकडच्या खारपाणपट्ट्यातल्या तेलगिरण्यांना तर जडपणाबरोबर खारेपणाही भोगावा लागतो. पाण्याचा जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनरला वेळेवर मीठ दिले नाही, तळाचे गढूळ पाणी सोडून देण्याचा ब्लो डाऊन चुकवला, तर बॉयलरमधले पाणी फेसाळते, वाफेबरोबर थेंब वर जातात, व्हॉल्व्हच्या तोंडाशी सुकतात आणि तिथे पांढरा थर धरतो. हाच थर कधी सीट नीट बसू देत नाही, तर कधी डिस्क पार चिकटवून टाकतो. चिकटलेला व्हॉल्व्ह गळत नाही, म्हणून त्याकडे कुणी पाहतही नाही. आमच्या मते गळणाऱ्यापेक्षा तो जास्त घातक आहे.

यावर उपाय आहे महिन्यातून एकदा हाताने उचलून पाहण्याचा. दाब व्हॉल्व्हच्या सेटिंगच्या निदान ७५ टक्क्यांवर न्यावा, १०.५४ ला ८ किलो. त्याहून कमी दाबाला लिव्हर ओढू नये, कारण स्प्रिंगचा सगळा भार हातावर आणि लिव्हरवर येतो, आणि सीट धुवून निघेल इतकी वाफही जोराने जात नाही. लिव्हरला साखळी बांधून बाजूला उभे राहावे, पूर्ण उचलावे, पाचेक सेकंद धरावे आणि एकदम सोडावे, म्हणजे डिस्क खाडकन बसते. त्यानंतर गळू लागला तर पुन्हा एक-दोनदा उचलावे, कचरा असेल तर निघून जातो. तरीही गळत असेल तर सीट वाफेने कापली गेली आहे असे समजावे. वाफ एकदा बारीक खाच पाडायला लागली की ती खाच रोज खोल होते, कितीही आवळले तरी भरत नाही. व्हॉल्व्ह उतरवून लॅपिंगच, म्हणजे सीट आणि डिस्क घासून सपाट करणे, करावे लागते.

लॅपिंग करणाऱ्याने डिस्क सीटवर घासून काम भागवू नये. सपाट बिडाच्या लॅपिंग ब्लॉकने, बारीक पेस्ट लावून, दोन्ही वेगवेगळ्या घासाव्यात. स्पिंडल वाकडा नाही ना, स्प्रिंगला गंज किंवा चीर नाही ना, हे तेव्हाच पाहावे. खोलण्याआधी खालच्या रिंगचे खाचे मोजून लिहून ठेवावेत. ही रिंग हलली की व्हॉल्व्ह बंद होण्याचा दाब बदलतो. १०.५ ला उघडलेला व्हॉल्व्ह १० च्या आसपास बसला पाहिजे. रिंग चुकली तर तो ९ पर्यंत वाफ ओकत राहतो आणि पुन्हा पाना बाहेर निघतो. हवेच्या टेस्ट बेंचवर लावलेला व्हॉल्व्ह गरम झाल्यावर थोडा लवकर उघडतो, म्हणून शेवटचे सेटिंग बॉयलरवर, वाफेवरच करावे. ठरलेल्या दाबाच्या ३ टक्के इकडेतिकडे चालते. मग टोपी लावून शिशाचे सील.

आणखी दोन चुका वारंवार दिसतात. पाण्याच्या दाबाने बॉयलर तपासण्याच्या हायड्रॉलिक टेस्टसाठी व्हॉल्व्हला गॅग (तो उघडू न देणारा अटकाव) लावतात किंवा फ्लँजमध्ये आंधळी प्लेट घालतात आणि ती काढायची राहून जाते. प्लेटला बाहेर दिसेल असा लाल कान ठेवा आणि पेटवण्याआधी ती काढल्याची नोंद लॉगबुकात करा. दुसरी चूक बाहेरच्या पाइपची. तो व्हॉल्व्हच्या तोंडापेक्षा लहान नको, त्याचे वजन व्हॉल्व्हवर नको, आणि बॉडीच्या तळाचे पाणी निचरायचे भोक उघडे हवे. पावसाळ्यात हे भोक बुजले तर पाणी साचून स्प्रिंग आणि डिस्क गंजतात. पाइपच्या तोंडात पाखरांची घरटी होतात, तीही हंगामाआधी पाहावीत.

मिल वाढवताना मोठा पंखा बसवून जाळ वाढवला जातो, व्हॉल्व्ह मात्र जुनेच राहतात. बॉयलरवरचे दोन्ही सेफ्टी व्हॉल्व्ह मिळून बॉयलरची पूर्ण वाफ सोडू शकले पाहिजेत. वाफेची मुख्य लाइन बंद करून पूर्ण जाळावर ॲक्युम्युलेशन टेस्ट केली की हे कळते: शेल प्रकारच्या बॉयलरला १५ मिनिटांत दाब मर्यादेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त, म्हणजे ११.६ च्या वर जाता कामा नये. ही टेस्ट निरीक्षक किंवा जाणत्या अभियंत्यासमोरच करावी. दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हच्या पुढे, कुकरच्या लाइनवर, वेगळा सेफ्टी व्हॉल्व्ह हवा. जिनिंगमधल्या कॉम्प्रेसरच्या हवेच्या टाक्यांनाही हेच लागू आहे.

सेफ्टी व्हॉल्व्हशी छेडछाड करणे १९२३ च्या बॉयलर कायद्यात गुन्हा होता, त्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या कायद्यातही आहे. पण अटेंडंटला धाक दाखवून हे थांबणार नाही. भर हंगामात व्हॉल्व्ह उतरवून नागपूरला पाठवायचा तर बॉयलर बंद ठेवावा लागतो, आणि तो ठेवायला कुणीही तयार होत नाही. राईस मिल संघटनांनी तालुक्याच्या ठिकाणी एक टेस्ट बेंच आणि नेहमीच्या मापांचे तपासून सील केलेले दोन-चार व्हॉल्व्ह सामाईक ठेवावेत, गळणारा द्यावा आणि चांगला न्यावा. बाष्पके संचालनालयाने आयटीआयच्या मदतीने अशा बेंचना मान्यता द्यावी. यंदा एवढे जमले नाही तरी पहिल्यांदा बॉयलर पेटवाल तेव्हा मिलची लाइन उघडण्याआधी दोन्ही व्हॉल्व्ह ८ किलोला उचलून पाहा, आणि पुढच्या वर्षीपासून लॅपिंगसाठी ते जून-जुलैतच उतरवा.

आपले,
बॉयलर देखभालीचे काम करणारे तंत्रज्ञ,
तुमसर, जि. भंडारा