सेल्फ न खोलणाऱ्या आण्णांना

तीर्थस्वरूप आण्णा,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही, म्हणून तुमच्या नातीला सांगून ठेवलंय, ती वाचून दाखवेल. चारचौघांत आभार मानलेले तुम्हाला रुचणार नाहीत, हेही ठाऊक आहे. पण त्या दिवशी मळ्यात तुम्ही मला बोलूच दिलं नाही. 'आधी कांदे लावून घे' म्हणालात आणि लूनाला पायडल मारून निघून गेलात.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. आमचा ट्रॅक्टर वडिलांनी 1991 साली घेतलेला, तीन सिलिंडरचा. दसऱ्यानंतर त्याचा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, जड फिरायला लागला. घुर्र... घुर्र... आणि गप्प. डिसेंबरात निफाडचा पारा एक आकड्यावर आला, तेव्हा तर एक घुर्रसुद्धा पुरी होईना. पारावर सगळ्यांचं एकच म्हणणं, थंडीमुळे होतंय. थंडीत बॅटरीचा जोर कमी पडतो, ऑइल घट्ट होतं, हे खोटं नाही, त्यामुळे मलाही पटलं. त्यात हेडलाईट लावून सेल्फ मारला तर लाईट पार मंद व्हायचे. म्हणजे बॅटरीच गेली, असं मीच ठरवून टाकलं. नवी बॅटरी आणली. दोन दिवस बरा चालला, मग परत तेच. मग सेल्फ उतरवून तालुक्याला नेला, कार्बन आणि बुश नवे टाकून आणले. तरी घुर्र... घुर्र.

शेवटी रोज रात्री ट्रॅक्टर कालव्याच्या भरावावर उतारावर लावायचा, चाकाखाली दगड ठेवायचा, सकाळी दगड काढून गिअरमध्ये टाकायचा आणि घरंगळत क्लच सोडायचा, असा कारभार सुरू झाला. उन्हाळ कांद्याचं रोप लागवडीला आलेलं, मागे रोटाव्हेटर जोडलेला. वावरात मधेच बंद पडला की शेजाऱ्याचा ट्रॅक्टर ओढायला बोलवायचा. पाचव्यांदा बोलावलं तेव्हा तो आला, पण चहा घ्यायला थांबला नाही.

नवा सेल्फ घ्यायचं ठरलं होतं, आण्णा. पैसे खिशात होते. तेवढ्यात कुणीतरी तुमचं नाव सांगितलं.

तुम्ही आलात तेव्हा मी मागच्या चाकाशी उभा राहून मोठ्या स्क्रूड्रायव्हरनं सेल्फचे दोन बोल्ट शॉर्ट करून बघत होतो. तुम्ही नमस्कारसुद्धा घेतला नाही. आधी स्क्रूड्रायव्हर हातातून काढून घेतला, मग गिअरची दांडी हलवून बघितली. दांडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. सकाळी घरंगळवला तेव्हा तशीच राहिलेली. 'चालू झाला असता तर कुठं उभा होतास ते बघ,' एवढंच म्हणालात. मी बघितलं. टायरपासून वीतभर अंतरावर होतो. गिअर न्यूट्रलला असल्याशिवाय सेल्फ न फिरू देणारा स्विच या ट्रॅक्टरला आहे. स्क्रूड्रायव्हर बोल्टांवर टेकवला की तो राहतो बाजूला, आणि जुनं डिझेल इंजिन अर्ध्या फेऱ्यात चालू होऊ शकतं. हे मला कळत नव्हतं असं नाही. घाईत डोक्यात आलंच नाही.

मग तुम्ही पिशवीतून व्होल्ट मोजायचा मीटर काढला. त्याची एक वायर तुम्ही इन्सुलेशन टेपनं जोडलेली होती, ती अजून डोळ्यांसमोर आहे. मी म्हणालो, सेल्फ खोलू का? तुमचं उत्तर मी आता इतरांना ऐकवतो: 'घास घशाखाली उतरतोय का ते बघ, पोट नंतर फाड.'

स्टॉपरची, म्हणजे डिझेल तोडणारी दांडी ओढून धरायला सांगितली, म्हणजे इंजिन नुसतं फिरेल, चालू होणार नाही. बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावून मला सेल्फ मारायला लावलात. उभी बॅटरी 12.6, सेल्फ मारताना 11.2. 'बॅटरी ठणठणीत. मेलेली असती तर नऊच्या खाली आपटली असती.' मग तोच मीटर सेल्फच्या जाड बोल्टावर आणि सेल्फच्या अंगावर लावला, 7.4. म्हणजे बॅटरी देतेय 11.2 आणि सेल्फला पोचतायत 7.4. जवळजवळ चार व्होल्ट वाटेतच कुणीतरी खातंय.

पुढचं मला सगळ्यात आवडलं. मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसवर, दुसरी सेल्फच्या बोल्टावर, आणि सेल्फ मार. 0.4. 'प्लसची बाजू चालेल.' मग एक सुई बॅटरीच्या मायनसवर, दुसरी सेल्फच्या अंगावर. 3.4. ही अर्थिंगची, म्हणजे करंट लोखंडातून बॅटरीकडे परत जायची वाट. चांगल्या अर्थिंगला हा आकडा अर्धा व्होल्टसुद्धा व्हायला नको. तुम्ही मीटर खाली ठेवलात आणि मला मायनसच्या पट्टीचा बोल्ट चाचपायला सांगितलात, जिथं ती गिअरबॉक्सच्या अंगाला घट्ट केलीय तिथं. त्या कडाक्याच्या थंडीत तो बोल्ट चटका देत होता. आजूबाजूचं लोखंड बर्फासारखं.

पान्यानं बोल्ट काढला आणि खाली निघाला लाल रंग! दसऱ्याला पूजेआधी ट्रॅक्टर रंगवला होता. हौशी पोरांनी पट्टी सोडली, त्या जागेवरही दोन हात मारले आणि वरून पट्टी परत आवळली. सगळा करंट एका बोल्टाच्या चार आट्यांतून परत येत होता. माझी बॅटरी, कार्बन, बुश, सगळा खर्च त्या रंगाच्या पापुद्र्यापायी. हसावं का रडावं कळेना, तुम्ही मात्र हसलात.

हेडलाईटचं कोडंही तुम्हीच फोडलंत. लाईटचं अर्थिंगही अंगावरून त्याच पट्टीनं परत जातं. त्यामुळे अर्थिंग खराब असलं तरी सेल्फ मारताना लाईट मंद होणारच आणि आपण दोष बॅटरीला देणार. लाईटवरून बॅटरी ओळखायची युक्ती आमच्याकडे सगळेच वापरतात, मीही वापरायचो. पण पट्टी गुन्हेगार असली तर ती युक्तीच खोटी साक्ष देते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

रंग खरवडून लोखंड चकचकीत केलं, पट्टीचं टोक काचकागदानं घासलं, बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यानं धुतली, सगळं आवळून वरून ग्रीस लावलं. आधी आवळायचं, मग ग्रीस. हे तुम्ही तीनदा बजावलंत, कारण मी बोटावर ग्रीस घेऊन तयारच होतो. मग परत मीटर लावला. 3.4 च्या जागी 0.2. स्टॉपर आत सारला, गिअर बघितला, सेल्फ मारला. इतक्या झटक्यात चालू झाला की बांधावरचा कुत्रा उठून पळाला.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. बांधावरचा हरभरा उपटून दिला, तेवढा घेतलात, त्यातलेही दोन घाटे तिथंच सोलून खाल्लेत. तुमच्यासारखा माणूस नवा सेल्फ बसवून त्यावर मजुरी लावू शकला असता आणि मी हात जोडून दिली असती. ते सांगण्यासाठीच हे उघड पत्र.

कांदे लागले, आण्णा. उताराचा दगड आता गोठ्याच्या दाराला टेकण म्हणून लावलाय. तुमच्यासारखाच एक मीटर मीही घेतलाय.

आणि एक काम आहे. जो शेजारी मला ओढायला यायचा, त्याचा ट्रॅक्टर परवापासून सेल्फ मारला की नुसता 'टक्' करतो, फिरत नाही. तो लगेच पाना घेऊन बसला होता, मी थांबवला. गिअर न्यूट्रलला टाकला, स्टॉपर ओढायला लावला. बॅटरी 12.5. अर्थिंग ठीक, सगळी टोकं घासून आवळली. मग सोलेनॉइडच्या, म्हणजे सेल्फला करंट सोडणाऱ्या चुंबकी स्विचच्या, दोन जाड बोल्टांमध्ये मीटर लावला, तर 'टक्' झाल्यावरही 12.4 दाखवतो. माझ्या अंदाजानं आतली, ते दोन बोल्ट जोडणारी तांब्याची चकती जळलीय. पण खोललेलं काही नाही. रविवारी सकाळी येता का? हरभरा अजून हिरवा आहे.

आपला,
कालव्याकाठचा ट्रॅक्टरवाला