झोपेत झटकलेला हात

शनिवार पेठ, पुणे

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र तीन बैठकांत लिहिते आहे, म्हणून अक्षर जागोजागी बदललेलं दिसेल. फोनवर तू "बघू गं आई" म्हणून विषय मिटवतोस, म्हणून कागद.

रविवारी दुपारी तू दिवाणावर झोपला होतास. झोपेतच उजवा हात बाहेर काढलास, थर्मामीटर झटकावा तसा दोनदा झटकलास आणि कूस बदललीस. मी मेथी निवडत होते, जुडी हातातच राहिली. ती झटक माझ्या ओळखीची आहे. तीन वर्षं मी रात्री दोन-अडीचला उठून तसाच हात झटकत होते. निघताना लोणच्याची बरणी उघडायला गेलास आणि "राहू दे, पुढच्या वेळी नेतो" म्हणालास, तेही पाहिलं.

लग्नसराईत माझ्याकडून दिवसाला पाच-सहा ब्लाउज निघायचे. जड कात्रीने अस्तरासकट चार-चार थर कापायचे, वर हूक-काज हाताने. काम करताना दुखायचं नाही, म्हणून मी निर्धास्त. मुंग्या येतात त्या कॅल्शियम कमी म्हणून, असं मीच ठरवलं आणि गोळ्या खाल्ल्या. पुढे सुई बोटांत धरली आहे की नाही हेच कळेना, तेव्हा चष्म्याचा नंबर वाढवून आणला. डोळे बिचारे ठीक होते.

डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं ते मला परकराच्या नेफ्यासारखं दिसलं. मनगटात खाली हाडांची पन्हळ, वर चिवट पट्टा. या नेफ्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि त्यांच्या सोबतीला एकच मऊ नस. जोर लावून, मनगट वाकवून, तेच ते काम करत राहिलं की दोऱ्यांवरचं आवरण जाड होतं. नेफा काही सैल होत नाही. चेंगरते ती नस. झोपेत मनगट मुडपलं की जागा आणखी कमी होते, म्हणून दुखणं रात्रीचं.

पण मला फसवलं ते माझ्याच हाताच्या हुशारीने. बोटांना कात्री पेलेना तेव्हा मी नकळत कोपर उचलून खांद्याने कापायला लागले. ब्लाउज वेळेवर जात राहिले, गिऱ्हाइकं खूश, आणि वर्षभरात खांदा धरला. दुखणं मनगटात आणि मी शेकत होते खांदा! तूही हल्ली उजवा खांदा कानाजवळ घेऊन बसतोस.

माऊसचं काम हलकं असतं, मान्य. फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, हलक्या कामात स्नायूचे तेच थोडे तंतू आधी कामाला लागतात आणि सगळ्यात शेवटी सुटतात. घरातल्या थोरल्या सुनेसारखं. तुझी मान संध्याकाळी भरून येते ती त्यामुळेच असेल. नुसत्या टायपिंगने नस दबते का, यावर डॉक्टरांचंही एकमत नाही. मला तुझी मोटारसायकल जास्त खुपते. चांदणी चौकातून हिंजवडीपर्यंत ॲक्सिलरेटर पिळून धरलेलं मनगट आणि वर खड्ड्यांचे हादरे.

एक बघ. मुंग्या अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेच्या अर्ध्या बाजूला येतात का? करंगळी साफ सुटली असेल तर हीच नस. करंगळीलाच येत असतील तर दुसरी, बहुधा कोपरापाशी दबलेली. साखर आणि थायरॉइडही तपासून घे, त्यानेही हे होतं. बाबांची साखर तुला ठाऊकच आहे. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा मिळतो. माझा जुना पाठवत नाही, तुझं मनगट रुंद आहे.

माझ्या ऑपरेशनमध्ये तो वरचा पट्टा कापून नेफा मोकळा केला. त्याच आठवड्यात सलग झोप लागली. पण अंगठ्याच्या मुळाशी मांसाची उशी असते ना, ती माझी आधीच सपाट झाली होती, ती तशीच राहिली. खराब झालेली नस पुन्हा वाढली तरी दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. मी उशिरा गेले होते.

शुक्रवारी संध्याकाळी पाचची वेळ घेतली आहे. नसेतून करंट सोडून बघतात, चिमटा काढल्यासारखं होतं, बाकी काही नाही. मोटारसायकल ठेव, रिक्षाने ये. आणि हो, लोणचं न्यायचं राहिलंय. झाकण सैल करून ठेवलं आहे.

तुझी,
आई