धावपट्टी नव्याने बांधायची आहे, हातभार लावा

सस्नेह नमस्कार,

आपल्या मॉडेल विमान क्लबची धावपट्टी खराब झाली आहे आणि आता वरवरच्या डागडुजीने भागणार नाही. म्हणून हे आवाहन. आजी-माजी सभासद, मुलांना घेऊन येणारे पालक आणि कुंपणापाशी थांबून आमची विमानं कौतुकाने बघणारे तुम्ही सगळे, तुम्हा सर्वांना उद्देशून आम्ही हे लिहीत आहोत.

आधी नेमकं काय बिघडलंय ते सांगतो. पट्टी साधारण 100 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद आहे. मैदानाची एक बाजू उंच असल्यामुळे पावसाचं पाणी तिकडून येतं, पट्टी आडवी ओलांडतं आणि जाताना माती घेऊन जातं. मध्यावर चार बोटं खोल घळ पडली आहे. चालणाऱ्या माणसाला ती जाणवतही नाही, पण शिकाऊ विमानाचं पुढचं चाक जेमतेम 5-6 सेंटीमीटरचं असतं. धावत आलेलं चाक त्या घळीत अडकलं की नाक खाली जातं, फिरता प्रोपेलर जमिनीवर आपटून तुटतो, कधी मोटरचा शाफ्ट वाकतो, आणि चाकाची तार मागे दुमडून पोटाखालचा फोम फाडून टाकते. विमान जमिनीवरून उचललं जाण्याआधीच हे सगळं होऊन गेलेलं असतं.

सराईत माणसाचं यामुळे फारसं अडत नाही. तो विमान हाताने फेकून उडवतो आणि उतरवताना बाजूच्या गवतात पोटावर टेकवतो. अडतं ते नवशिक्याचं. रडर (शेपटीवरची उभी, दिशा वळवणारी पट्टी) सांभाळत विमान सरळ रेषेत धाववणं, वेग पुरेसा झाल्यावर अलगद उचलणं, आणि उतरताना जमीन जवळ आली की थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, कमी करून नाक जरासं वर धरणं, हे धडे चाकांवर आणि सपाट पट्टीवरच गिरवता येतात. पट्टीच नसेल तर क्लबमध्ये ज्यांना आधीच येतं तेवढेच उडवत राहतील आणि नवीन माणूस दोन-चार वेळा येऊन, प्रोपेलर मोडून, परत जाईल. आम्हाला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

ज्यांनी आमचं मैदान जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, काम सुरू होतं. पंख जोडला की पहिल्यांदा तोल बघायचा: पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण पाव ते एक-तृतीयांश अंतरावर दोन्ही बाजूंना बोटं टेकवून विमान उचलायचं. ते आडवं राहिलं किंवा नाक किंचित झुकलं तर ठीक. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवल्याशिवाय कुणीही ते उडवू देत नाही. मग रिमोटवरची स्टिक उजवीकडे नेऊन उजव्या पंखाची एलेरॉन पट्टी (पंखाच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी) वर उचलली जाते ना हे पाहायचं, आणि हे मालकाने नव्हे तर दुसऱ्या कुणीतरी पाहायचं, कारण आपल्या विमानाकडे बघताना डोळ्यांना जे अपेक्षित असतं तेच दिसतं. त्यानंतर रिमोटची ताकद मुद्दाम कमी करून तीसेक पावलं दूर जायचं आणि सर्वो (या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) हलतात का ते तपासायचं. शेवटी एकाने विमान घट्ट धरायचं आणि रिमोट बंद करायचा. मोटर आपोआप थांबली तर फेलसेफ, म्हणजे रिमोटशी संपर्क तुटल्यावर मोटर बंद करणारी सोय, नीट बसवलेला आहे. मगच विमान पट्टीवर न्यायचं.

आणि मग शिकवणी. शिकवणारा आणि शिकणारा यांचे रिमोट एकमेकांशी जोडलेले असतात. शिकवणाऱ्याने एक स्विच दाबून धरला की ताबा शिकणाऱ्याकडे जातो, सोडला की तत्क्षणी परत येतो. विमान आपल्यापासून दूर जातंय तोवर सगळं सोपं असतं. स्टिक उजवीकडे, विमान उजवीकडे. ते वळून आपल्या दिशेने येऊ लागलं की डावं-उजवं उलटतं आणि चांगल्या चांगल्यांची बोटं गोंधळतात. त्या वेळी शेजारी उभा असलेला जुना सभासद शांतपणे एवढंच सांगतो, ‘जो पंख खाली झुकलेला दिसतोय, त्याच बाजूला स्टिक ने. त्याला खालून आधार दे.’ ही गोष्ट वाचून कळते, सिम्युलेटरवर (संगणकावरच्या उडवण्याच्या सरावावर) पुष्कळशी जमतेही, आणि सिम्युलेटर प्रत्येकाने वापरावाच. पण खरं विमान, खरा वारा आणि हातातून निसटलेला ताबा परत घेणारा माणूस हे तिन्ही एका जागी फक्त मैदानावर मिळतात. हा छंद एकट्याने शिकू नये असं आमचं ठाम मत आहे. विमान हवेत असताना खाली माणसं असू शकतात, हे एकच कारण त्याला पुरेसं आहे.

मोठ्या पराक्रमांमागेही अशीच जोडलेली माणसं असतात. ऑगस्ट 2003 मध्ये अमेरिकेचे मेनार्ड हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाल्साच्या लाकडाचं, 5 किलोपेक्षा कमी वजनाचं मॉडेल विमान कॅनडातल्या न्यूफाउंडलंडहून सोडलं. सुमारे 39 तास उडून, 3,000 किलोमीटरहून जास्त अंतर कापून ते आयर्लंडला पोहोचलं. हिल तेव्हा 77 वर्षांचे होते आणि त्यांची दृष्टी जवळपास गेली होती. समुद्रावर विमान आपोआप मार्ग धरत होतं, पण त्याचा ताबा घेऊन ते जमिनीवर टेकवायला पलीकडच्या किनाऱ्यावर त्यांचे सहकारी रिमोट घेऊन उभे होते. आपलं काम त्यापुढे फार लहान आहे. तरी ज्या मुलीने परवा पहिल्यांदा स्वतः विमान उतरवलं, तिच्याही बाजूला कुणीतरी उभं होतंच.

आता काय करायचं आहे ते. आजवर आम्ही फावड्याने माती टाकून घळ बुजवत आलो. पहिल्याच जोराच्या पावसात ती वाहून जाते, कारण पाण्याची वाट बदललेली नसते. म्हणून या वेळी आधी उंच बाजूने चर खणून पाणी वळवायचं, मग पट्टीचा वरचा थर सैल करून मुरूम मिसळायचा, मधली रेघ किंचित उंच ठेवून दोन्ही कडांकडे मीटरमागे दोन सेंटीमीटर उतार द्यायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा आणि वर बारीक, खुरटं गवत धरवायचं. गवत रुजेपर्यंत पट्टी बंद ठेवावी लागेल. तोवर शिकवणी सिम्युलेटरवर आणि हाताने सोडायच्या ग्लायडरवर चालू राहील.

पट्टीच्या दूरच्या टोकाची झुडपंही छाटायची आहेत. पूर्वी 35 किंवा 72 मेगाहर्ट्झचे रिमोट होते, तेव्हा एकाच चॅनेलवर दोघांनी रिमोट चालू केले की हवेतलं विमान कोसळायचं. म्हणून फळ्यावरून आपल्या चॅनेलची एकमेव पिन घेतल्याशिवाय रिमोट चालू करायचा नाही असा कडक नियम होता. आजच्या 2.4 गिगाहर्ट्झने ती भीती घालवली, पण या लहरींना वाट मोकळी लागते आणि ओल्या पानांच्या दाट झुडपामागे त्या अशक्त होतात. खाली येत असलेलं विमान त्या झुडपाआड गेलं की नजरेलाही दिसत नाही.

पैशांची मदत सगळ्यात आधी लागेल, कारण मुरूम, तो आणणारी गाडी आणि खोदाईचं यंत्र विकतच घ्यावं किंवा भाड्याने आणावं लागणार आहे. रक्कम लहान असली तरी संकोच करू नका. प्रत्येक देणगीची पावती मिळेल, धावपट्टीसाठी आलेला पैसा धावपट्टीवरच खर्च होईल, आणि जमाखर्च मैदानावरच्या फलकावर दर महिन्याला लावला जाईल.

ज्यांना पैसे देणं शक्य नाही त्यांची मदत कमी मोलाची नाही. उताराची मापं घेऊन देणारा कुणी सर्व्हेअर, गवताचं जाणणारा माळी, प्रथमोपचार शिकलेली व्यक्ती, आठवड्यातले दोन तास देऊ शकणारा जुना उडवणारा, यांची आम्हाला गरज आहे. माळ्यावर पडलेली शिकाऊ विमानं, चालू स्थितीतले रिमोट, रिसीव्हर, सर्वो, चार्जर आणून द्या. पंख मोडलेला असला तरी चालेल, आमच्याकडे दुरुस्त करणारे उत्तम हात आहेत आणि तीच विमानं नवीन मुलांना वापरायला मिळतात. फक्त फुगलेल्या किंवा दबलेल्या लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या कृपया देऊ नका. त्या आतून बिघडलेल्या असतात आणि चार्ज करताना पेट घेऊ शकतात. चांगल्या बॅटऱ्या देणार असाल तर पूर्ण चार्ज करून नव्हे, सेलमागे 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवून आणा. याच कारणासाठी झाडाखालचं चार्जिंगचं टेबल काढून तिथे काँक्रीटचा ओटा, वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक नळकांडं ठेवायचं आहे. त्यातलं काही कुणी देऊ शकलं तर फार बरं होईल.

काम पावसाच्या आधी संपायला हवं. श्रमदानाच्या तारखा फलकावर लावत आहोत. नावं कार्यवाहांकडे नोंदवा, म्हणजे रोज किती माणसं आहेत हे पाहून कामाची आखणी करता येईल. मुलं आली तर त्यांना दोरी धरणं, खडे वेचणं अशी कामं देऊ, यंत्र चालू असताना मात्र त्यांना पट्टीवर येऊ देणार नाही. फावडी आणि घमेली क्लबकडे पुरेशी आहेत. रोलर नाही. तो कुणाच्या ओळखीत असेल तर सगळ्यात आधी तेवढं कळवा, कारण त्याच्या दिवसावर बाकीचे दिवस ठरणार आहेत.

आपले नम्र,
क्लबची कार्यकारिणी