गणपतीच्या गोळ्या चालतात, मग लशीचीच भीती का?

संपादक महाशय,

मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस द्या, असं सांगणाऱ्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. आमच्या देवगडात अशी बातमी आली की पाठोपाठ प्रश्न येतो, "वैनी, पोरीची पाळी बिघडाची नाय मां?" माझं औषधांचं दुकान आहे. घरचे बागेत असतात, दुकान मी बघते. त्यामुळे डॉक्टरांपुढे जे तोंडातून निघत नाही ते दुसरं गिऱ्हाईक गेल्यावर माझ्या काउंटरवर निघतं.

या प्रश्नाचं मूळ 2021 च्या एप्रिलमध्ये आहे. पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस करोनाची लस घेऊ नका, असा निरोप तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरत होता. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने तो खोटा असल्याचं लगेच जाहीर केलं, पण खुलाशाला निरोपाएवढे पाय नसतात. आधीचे पाच, पाळीचे पाच, नंतरचे पाच. अर्धा महिना तिथेच संपला. आंब्याच्या पेट्या भरणाऱ्या बायकांना एकतर सुट्टी नाही, त्यात लशीचा नंबर लागता लागत नव्हता, आणि लागला तर तो "चुकीच्या" दिवशी. कितीतरी जणी तशाच राहिल्या.

नंतर लस घेतलेल्या बायका यायला लागल्या. कुणाची पाळी लांबली होती, कुणी म्हणे, "अंगावरना भरपूर जाता, गोळी दी गे." केंद्रावर विचारलंस का, म्हटलं तर एकीने सांगितलं, "त्या डॉक्टराक कसा सांगू? पुरुस माणूस तो." जिने धीर करून सांगितलं, तिला उत्तर मिळालं की लशीचा नि पाळीचा काडीचा संबंध नाही, मनातून काढून टाका. माझा राग या उत्तरावर आहे. निरोप खोटा होता, आणि हे उत्तरही खरं नव्हतं.

खरं काय ते पुढच्या वर्षी कळलं. जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेतल्या सुमारे चार हजार स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाळीच्या तारखा त्या आधीपासूनच मोबाइलवर टिपत होत्या. लस घेतल्यावर पाळीचं चक्र सरासरी एक दिवसाहूनही कमी लांबलं. एकाच चक्रात दोन्ही डोस घेतलेल्यांचं साधारण दोन दिवसांनी. थोड्याच काळात ते पूर्ववत झालं. त्याच वर्षी वेगवेगळ्या देशांतल्या जवळपास वीस हजार स्त्रियांचा अभ्यास आला, त्यातही असंच दिसलं. ऑक्टोबर 2022 मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने फायझर आणि मॉडर्नाच्या लशींच्या माहितीपत्रकात "जास्त रक्तस्राव" हा संभाव्य दुष्परिणाम म्हणून लिहायला सांगितलं, बहुतेक वेळा तो तात्पुरता असतो असं सांगूनच. दोन हजारांहून अधिक जोडप्यांवरच्या अमेरिकी अभ्यासात लशीमुळे दिवस राहण्यात अडथळा येतो असं दिसलं नाही.

म्हणजे बायका सांगत होत्या ते खोटं नव्हतं, आणि घाबरण्याजोगंही नव्हतं. मुळात चाचण्यांच्या वेळी पाळीची चौकशी व्हायची ती बाई गरोदर नाही ना, एवढ्यापुरती. विषमज्वराच्या लशीनंतर पाळीत होणाऱ्या बदलांवर 1913 मध्येच एक लेख छापून आला होता. शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी लस टोचल्यावर पुढची पाळी कशी गेली हे विचारायची रीत काही पडली नाही.

आता गणपतीचं सांगते. श्रावण सरू लागला की माझ्याकडे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांना मागणी येते. घरात गणपती, गौरीचा ओवसा, चाकरमानी आलेले, आणि त्यात अडचण नको. चिठ्ठी नसेल तर मी देत नाही. मग माझ्यावर रुसून दुसरीकडून आणतात. ही गोळी म्हणजे सरळसरळ हार्मोन. पाळी थांबवायलाच घ्यायची, दिवसातून तीनदा, आणि बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. जिला कधी रक्ताची गुठळी झाली असेल किंवा यकृताचा आजार असेल, तिने तर घेऊच नये. पण ही गोळी मागताना "पुढे मूल होईल ना?" असं आजवर मला कुणी विचारलेलं नाही. सासू स्वतः सुनेसाठी न्यायला येते. तीच सासू नातीच्या लशीला नको म्हणते.

जपानात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. 2013 मध्ये तिथे ही मुलींची लस राष्ट्रीय कार्यक्रमात आली, आणि दुष्परिणामांच्या बातम्या पसरल्यावर दोन महिन्यांत सरकारने शिफारस मागे घेतली. सत्तर टक्क्यांच्या आसपास असलेलं लसीकरण एक टक्क्याच्याही खाली गेलं. पुढे नागोया शहराने मुलींची पाहणी केली. सुमारे तीस हजार जणींनी उत्तरं दिली. चोवीस लक्षणं विचारली होती, त्यांत पाळीची अनियमितता आणि रक्तस्रावाचं प्रमाणही होतं. यांतलं कुठलंच लक्षण लशीमुळे वाढलेलं दिसलं नाही. शिफारस परत यायला मात्र 2022 उजाडलं. आपल्याकडे त्याच 2022 सालच्या अंदाजानुसार गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सव्वा लाखाहून अधिक नव्या रुग्ण होत्या आणि सुमारे ऐंशी हजार मृत्यू. जगभरात असे सत्तर टक्क्यांच्या आसपास कर्करोग एचपीव्ही विषाणूच्या 16 आणि 18 या दोनच प्रकारांमुळे होतात, आणि पुण्यात तयार होणारी लस या दोन्हींवर आहे.

आरोग्य खात्याकडे माझं मागणं आहे. शाळेत मुलींना लस द्यायची असेल तर आधी आयांना बोलवा, तेही बापांच्या सभेत नको, वेगळं. पाळीबद्दल स्वतःहून बोला, कुणी विचारायची वाट बघू नका. लस दिल्यावर आशाताईंच्या वहीत पुढच्या दोन पाळ्यांची नोंद घ्या. "काही होत नाही" म्हणून गप्प करण्यापेक्षा ते सोपं आहे, आणि त्या नोंदींतून आपल्याच मुलींचे आकडे हाती येतील.

बायांनाही सांगणं आहे. तासातासाला पॅड भिजत असेल किंवा पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर लशीवर ढकलून घरी बसू नका, तपासून घ्या. कुठल्याही औषधाचा किंवा लशीचा त्रास वाटला तर केंद्र सरकारच्या औषध दक्षता कार्यक्रमाला 1800-180-3024 या क्रमांकावर फुकट कळवता येतं. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, बाईने स्वतः फोन केला तरी चालतो. मी हा नंबर काउंटरच्या काचेखाली ठेवला आहे. इतर दुकानदारांनीही ठेवावा.

– एक औषधविक्रेती, देवगड, जि. सिंधुदुर्ग